गाडी उभी आहे

शुद्धीवर येणाऱ्या माणसाइतका बेभरवशाचा प्राणी जगात दुसरा नाही, असं मोठ्या सिस्टरांचं ठाम मत होतं, आणि ते काही त्यांनी पुस्तकात वाचून बनवलेलं नव्हतं. एरवी देवमाणूस म्हणावा असा पेशंट भूल उतरताना असे काही हातपाय झाडतो की धरायला चार जण पुरत नाहीत. शिव्या देतो, नळ्या ओढतो, खाटेवरून उडी मारायला बघतो. आणि तासाभराने तोच हात जोडून विचारतो, "सिस्टर, मी काही त्रास नाही ना दिला?" त्यावर "छे हो, कुठे काय!" म्हणायचं असतं. एकोणतीस वर्षं त्या "छे हो" म्हणत आल्या होत्या.

आता मात्र जीव विटला होता. डावा खांदा वर होत नव्हता; केस विंचरायचे तर डोकंच हाताजवळ न्यावं लागे. हा खांदा गेल्या महिन्यातला. एक शिंपी होता, अगदी गरीब गाय. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला रिकव्हरीत आणलं. रिकव्हरी म्हणजे थिएटरच्या बाहेरची लांबट खोली. पेशंट पुरता जागा होईपर्यंत त्याला तिथे ठेवतात. तिथे हा एकदम ताडकन उठून बसला. सिस्टरांनी धरला, तर त्यांचा हात पिरगाळला आणि दुसऱ्या हाताने पाठीतली रक्त निचरायची नळी उपटून काढली. आत रक्त साचलं, नसांवर दाब आला, संध्याकाळी पाठ परत उघडावी लागली. शिंपी वाचला, पण उजवं पाऊल लुळं पडलं ते पडलंच. मशीनचं पायडल तो त्याच पायाने मारायचा.

चौकशी झाली. कोणाचीही चूक नाही असं ठरलं. "कोणाची चूक नाही म्हणे! मग रात्री झोप माझीच का उडते?" असं सिस्टर घरी नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याने बिचाऱ्याने पेपर घडी करून खांद्याला चोळायचं तेल आणून दिलं. त्याला तरी काय सुचणार?

म्हणून त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला होता. तळमजल्यावर एक विभाग होता, तिथे ऑपरेशनची हत्यारं आणि कापडाचे गठ्ठे वाफेवर निर्जंतुक करायचे. उकाडा मरणाचा, पण कात्र्या लाथा मारत नाहीत आणि चिमटे शुद्धीवर येत नाहीत. अर्ज चार दिवस एप्रनच्या खिशात घडी होऊन पडला होता. आज ड्युटी संपली की मेट्रनच्या टेबलावर ठेवायचा, बस्स. आणि आजच नेमकी मणक्याची केस होती.

पेशंट एकसष्ट वर्षांचा ट्रकड्रायव्हर. चौतीस वर्षं सीटवर बसून कमरेचे मणके झिजलेले, त्यात सहा स्क्रू आणि दोन सळ्या बसवायच्या होत्या. सकाळी सिस्टर त्याच्या खाटेपाशी गेल्या. ही त्यांची पद्धत होती. कोणी सांगितली नव्हती, कागदावर कुठे नव्हती. पेशंटला भूल द्यायच्या आधी भेटायचं, घरी काय म्हणतात ते विचारायचं, जाग आल्यावर काय काय वाटेल ते सांगून ठेवायचं आणि घरच्या एका माणसाला तयार ठेवायचं. जाग येताना कानावर ओळखीचा आवाज पडला की निम्मा दंगा तिथेच थांबतो. मेट्रन म्हणायच्या, नातेवाईक आत कशाला? पण म्हणायच्या तेवढ्यापुरतं.

"काका, डोळे उघडले की जोराची लघवी लागल्यासारखं वाटेल," सिस्टर म्हणाल्या. "लागलेली नसते. नळी घातलेली असते. उठून बाथरूम शोधायचं नाही. काय करायचं?"

"उठायचं नाही."

"परत सांगा."

"उठायचं नाही, उठायचं नाही, उठायचं नाही. शाळेत इतकं पाठ केलं असतं तर पायलट झालो असतो, बाई."

सिस्टर हसल्या आणि फाइल चाळू लागल्या. फॉर्मवर लिहिलं होतं: आधी भुलीचा काही त्रास? नाही. पण फाइलच्या तळाशी दुसऱ्याच कुठल्या दवाखान्याचा सात वर्षांपूर्वीचा, हर्नियाच्या ऑपरेशनचा पिवळा कागद होता आणि त्यावर कोणीतरी घाईत खरडलं होतं: जाग येताना अनावर, कर्मचाऱ्यास इजा.

"हर्नियाच्या वेळी काय झालं होतं, काका?"

"काही नाही. मस्त झालं."

"इथे लिहिलंय, एका माणसाला लागलं. काय, दात-बित पाडले की काय?"

"दोन. हलतच असणार आधीपासून."

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. काही बोलल्या नाहीत. खरं तर बोलायचं त्राणच नव्हतं, पाय दुखत होते म्हणून बसल्या. पण गप्प बसलेल्या माणसासमोर लोकांना बोलावंसं वाटतं, हेही त्यांना एकोणतीस वर्षांत कळलं होतं.

ड्रायव्हरने आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे. बायको बाहेर बाकावर होती.

"मला जागं करताना 'उठा' म्हणून ओरडू नका," तो म्हणाला. "एवढं सांभाळा. बाकी मी कोकरू आहे."

"का बरं?"

"चौदा वर्षं झाली. भरदुपारची वेळ, उताराचा रस्ता, मागे लोखंड भरलेलं. मेव्हणा माझा क्लीनर. माणूस चांगला बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. माझा डोळा लागला, बाई. दोन रात्री झोपलो नव्हतो, पण ते काय, कारण कोणाकडे नसतं? एवढंच ऐकलं, 'दाजी, उठा! उठा!' डोळे उघडले तर समोर रस्ताच नाही. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो." तो थांबला. "मी वाचलो. तो नाही वाचला."

त्याने पुन्हा दाराकडे पाहिलं.

"सगळ्यांना सांगितलं, ब्रेक निकामी झाला. हिलाही तेच सांगितलं. हिचा पाठचा भाऊ हो! हिनं कडेवर खेळवलेला. आता कोणी तसं ओरडलं की मी परत तिथेच असतो, ब्रेक शोधत. भुलीत तर तोंडालाही कुलूप राहत नाही. म्हणून सांगतो, तुम्ही घरच्यांना आत घेता असं ऐकलं, तर हिला घेऊ नका. शब्द द्या."

दमलेली माणसं शब्द पटकन देतात. "दिला," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर बाकावर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओढलेला चेहरा, पण बसणं ताठ.

"मला आत घ्याल ना, सिस्टर? बाकीच्यांच्या घरच्यांना घेता म्हणे."

"या वेळी नको म्हणतायत ते."

काकूंनी का म्हणून विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग जरा वेळाने, "जाग येताना त्रास होतो त्यांना. हातपाय बांधू नका मात्र. बांधलं की जास्त."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे भूलबाई म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सिस्टरांनी त्यांना गाठून 'उठा'चं तेवढं सांगितलं, बाकीचं पोटात ठेवलं. भूलबाईंनी मान डोलावली. "दुखण्यावरचं औषध जाग यायच्या आधीच देऊन ठेवते. शांत ठेवायचं औषध थेंबाथेंबाने चालू राहील. घाईने उठवायचं नाही. मी स्वतः उभी राहते." सिस्टरांनी लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली: 'उठा' म्हणून ओरडू नये. एकानेच बोलावे, हळू बोलावे. आणि ती काकांसाठी ठेवलेल्या खाटेच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावली. आणखी काय करतं माणूस? जेवढं सुचलं तेवढं केलं.

आणि घोळ झाला तो खाटेच्या चाकाने.

चार तासांनी ऑपरेशन संपलं. पेशंटला टेबलावरून खाटेवर घ्यायचं, तर खाटेचं पुढचं चाक अडकलेलं, जागचं हलेना. मावशींनी, म्हणजे तिथल्या आयाबाईंनी, दोन लाथा घालून पाहिलं आणि कामसू बाई असल्यामुळे धावत जाऊन दुसरी खाट आणली. धडधाकट चाकांची, धुतलेल्या चादरीची, बिनचिठ्ठीची. त्याच वेळी शेजारच्या थिएटरात एका बाळंतिणीचं रक्त थांबेना म्हणून भूलबाईंना हाक आली. घशातली श्वासाची नळी काढून, काका नीट श्वास घेतायत हे बघून त्या पळाल्या. जाताना बदली डॉक्टरांना म्हणाल्या, "सूचना खाटेवर लावलीय, वाचा." बदली डॉक्टर नवा, हुशार मुलगा. त्याने खाट पाहिली. काहीच लावलेलं नव्हतं. म्हणजे विशेष काही नसावं.

काकांना रिकव्हरीत आणलं तेव्हा सिस्टर खोलीच्या पार त्या टोकाला होत्या. एका बाईला उलट्या होत होत्या, तिचं डोकं एका कुशीला धरून उभ्या. तिथूनच त्यांनी ऐकलं. खणखणीत आवाज, खांद्यावर दोन चापट्या.

"काका! उठा! उठा, डोळे उघडा!"

"अगं आई गं," सिस्टर म्हणाल्या आणि उलटीचं भांडं मावशींच्या हातात कोंबून धावल्या.

तोवर काकांचा उजवा पाय खाटेच्या दांड्यावर आपटायला लागला होता. धाड, धाड, धाड. डोळे उघडे, पण बघत होते ते खोलीकडे नाही. "ब्रेक! ब्रेक लागेना!" हातांनी हवेतलं स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाठ खाटेवरून वर उचललेली. दोन जण दंडांवर दाबून बसले होते, आणि जितके दाबत तितका तो उसळत होता. पाठीतली निचऱ्याची नळी ताणून तारेसारखी झाली होती.

"सोडा! दाबू नका त्यांना! दंड सोडा आधी!" सिस्टर ओरडल्या, आणि मग काकांच्या कानाशी वाकून आवाज खाली आणला. "काका, दवाखान्यात आहात तुम्ही. ऑपरेशन झालं. छान झालं. पडून राहायचं, आपलं ठरलंय ना?"

ठरलेलं सगळं वाहून गेलं होतं. "डोळा लागला माझा," काका हुंदका देत म्हणाले. "अरे, झोपलो होतो रे मी!" आणि पाय परत धाड.

बदली डॉक्टराच्या हातात सिरिंज होती. चेहरा पांढराफटक. "परत झोपवतो, सिस्टर."

"झोपवा, आणि तासाने परत हाच तमाशा बघा. तोवर पायांचं काय ते कळायचं नाही. उजवा हलतोय, डावा कोणी पाहिलाय?"

त्याने सिरिंज खाली घेतली. सिस्टरांचा खांदा ठणकत होता. त्यांना शिंप्याचं लुळं पाऊल दिसत होतं, अगदी समोर. ओळखीचा आवाज दाराबाहेर बाकावर बसला होता, दहा पावलांवर. पण तो आत आला तर काय ऐकेल? चौदा वर्षं दाबून ठेवलेलं हा माणूस मोठमोठ्याने ओरडत होता. दिलेला शब्द मोडायचा की त्याची पाठ मोडू द्यायची, एवढाच प्रश्न होता, आणि विचार करायला वेळ होता जेमतेम एका श्वासाचा.

"मावशी, काकूंना आणा. लवकर!" आणि डॉक्टरांना, "दोन मिनिटं द्या. मग टोचा काय टोचायचं ते."

काकू आल्या. अंगावर हिरवा गाऊन उलटा, टोपी कानावर. त्या दारात थांबल्या नाहीत, दचकल्या नाहीत, "अहो काय झालं" म्हणून गळाही काढला नाही. स्वयंपाकघरात उतू जाणाऱ्या दुधाकडे बाई जशी जाते तशा सरळ गेल्या. एक हात त्यांच्या कपाळावर, एक छातीवर.

"झोपलो होतो मी," काका म्हणाले. "मी झोपलो होतो."

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. झालं, आता सगळं संपलं, असं वाटलं त्यांना.

"गाडी उभी आहे," काकू म्हणाल्या. आवाज सपाट, भाजीचा भाव सांगावा तसा. "हँडब्रेक ओढलाय. चाकाखाली दगड लावलाय. इंजिन बंद आहे. ऐका, आवाज येतोय का? नाही ना?"

पाय एकदा आपटला, पण अर्ध्या जोराने.

"गाडी उभी आहे. सगळे खाली उतरलेत."

"तो?"

काकूंचा छातीवरचा हात क्षणभर उचलला गेला. सिस्टर अगदी जवळ होत्या म्हणून त्यांनाच ते दिसलं.

"तोही उतरलाय. टपरीवर चहा पितोय. तुम्ही पडा जरा."

स्टिअरिंग धरलेले हात हळूहळू उघडले. पाठ खाटेला टेकली. नळी सैल पडली, जागच्या जागी होती. काका लांब श्वास घेऊन साध्या, घोरत्या झोपेत गेले. बदली डॉक्टराने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीला टेकला.

सिस्टर काकूंना पडद्यापलीकडे घेऊन गेल्या. "तुम्हाला... माहीत होतं?"

"चौदा वर्षं रोज बोलतात हो झोपेत. पहिल्याच आठवड्यात कळलं मला." काकू टोपी कानामागे सारत होत्या. "पहिली दोन वर्षं वाटायचं, उशी ठेवावी तोंडावर आणि वर बसावं. खोटं कशाला सांगू? माझा भाऊ होता तो. मग कंटाळा आला. रागवायलाही अंगात ताकद लागते, आणि सकाळी उठून डबे करायचे असतात. गाडी उभी आहे म्हटलं की झोपतात, एवढं लक्षात आलं. मग तेच म्हणत गेले. तो चहा पितोय हे म्हणायला मात्र मला तीन वर्षं लागली."

"मग सांगून का टाकत नाही, की ठाऊक आहे म्हणून?"

"त्यांनी सांगावं ना! मी कशाला?" काकू पहिल्यांदाच जरा तडकून बोलल्या. मग खांदे पडले त्यांचे. "आणि सांगितलं, तर मला 'असू दे' म्हणावं लागेल. ते अजून नाही जमायचं. झोपेतल्या माणसाला म्हणता येतं. जाग्या माणसाला नाही."

पडद्याआड खोकल्याचा आवाज आला. काकूंनी चटकन ओठांवर बोट ठेवलं, गाऊन सोडला आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. पाय न वाजवता, सवयीने.

काका या वेळी खरे जागे होते. डोळे लाल, पण खोलीकडे बघणारे.

"बाई," त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "काही बोललो का मी?"

"छे हो, कुठे काय! घोरत होतात नुसते."

"हिला आत नाही ना घेतलं?"

एकोणतीस वर्षांत इतका जड "छे हो" सिस्टरांनी कधी उचलला नव्हता. "शब्द दिला होता ना मी?" त्या म्हणाल्या, आणि पांघरूण बाजूला करून पायांशी गेल्या. "बघू, ब्रेक दाबा."

उजवं पाऊल सिस्टरांच्या तळहातावर जोरात दाबलं गेलं.

"आता क्लच."

क्षणभर काहीच नाही. मग डावं पाऊल आलं, संथ, पण भक्कम. त्यांनी ते उगाचच आणखी एकदा दाबायला लावलं. मग फाइलमध्ये लिहिलं: दोन्ही पाय हलतात.

पुढच्या पाळीसाठी नवी चिठ्ठी हवी होती. हाताशी कागद नव्हता. खिशात चाचपलं तर घडी केलेला अर्ज. सिस्टरांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'उठा' म्हणू नये. 'गाडी उभी आहे, हँडब्रेक ओढलाय' असे म्हणावे. खाटेला लावला, आणि चिकटपट्टी अंगठ्याने दोनदा दाबली. अर्ज काय, उद्याही लिहिता येईल. कागदाला कुठे तोटा आहे?

तेवढ्यात पुढचं दार ढकलून काकू आल्या. पिशवी हातात, पदर नीट, केस सारखे केलेले, जशा काही आत्ताच पहिल्यांदा पाऊल टाकतायत.

"झालं का? आली का शुद्ध?"

"कधीच आली," काका म्हणाले. "तू कुठे होतीस इतका वेळ?"

"बाहेर बसले होते. दुसरं कुठे जाणार?"

काकूंनी त्यांच्या पायांवरची चादर ओढून सारखी केली. नजर खाटेच्या डोक्याशी लावलेल्या चिठ्ठीवर गेली. त्यांनी ती पूर्ण वाचली, काकांना दिसत नव्हती तिथून. मग सिस्टरांकडे न बघता त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पडा आता जरा. मी आहे."